जेझेरोची भिंत : नाशिकच्या एका शाळेतलं रोव्हरचं चित्र का सोललं आणि पुन्हा कसं उभं राहिलं

इंदिरानगर आणि पाथर्डी फाटा यांच्या मधल्या वस्तीतली शाळा. मैदानाकडची भिंत पश्चिमेला तोंड करून उभी, तिला एकही खिडकी नाही. रुंदी ९ मीटर, जमिनीपासून पहिल्या मजल्याच्या पट्टीपर्यंत उंची ४.२ मीटर, म्हणजे सुमारे ३८ चौरस मीटर. पेंटरच्या हिशेबात ४०७ चौरस फूट. मे महिन्यात या भिंतीवर मंगळावर फिरणाऱ्या रोव्हरचं मोठं चित्र काढलं गेलं. दिवाळी जवळ आली तेव्हा तळाच्या दोन फुटांत रंगाचे पोपडे सुटले होते आणि त्याखाली पांढरी भुकटी दिसत होती. आकाशाचा नारिंगी रंग उडून फिकट गुलाबट पडला होता. डावीकडे पावसाळी पाइपाच्या कडेने काळपट ओघळ उतरले होते आणि रोव्हरच्या पांढऱ्या अंगावर केसासारख्या बारीक तडांचं जाळं पसरलं होतं.

तळाला वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात द्यायचे, आकाश पुन्हा मारायचं आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाआधी काम संपवायचं, असा शाळेचा पहिला बेत होता. तो बाजूला ठेवावा लागला, कारण या चारही दोषांची कारणं वेगवेगळी होती आणि त्यातल्या तीन दोषांना नव्या रंगाने काहीच फरक पडणार नव्हता.

भिंतीची तपासणी

आधी तळाची भुकटी. ती बोटावर घेऊन पाण्याचा थेंब टाकला तेव्हा विरघळून गेली. बुरशी अशी विरघळत नाही. म्हणजे हा लोणा, विटांतून आणि गिलाव्यातून पाण्याबरोबर वर आलेला क्षार. मग ओलीची उंची दर अर्ध्या मीटरवर मोजून खडूने खुणा केल्या. दोन्ही टोकांना ओल ४० सेंटिमीटरपर्यंत होती, मध्यभागी ६२ सेंटिमीटरपर्यंत चढली होती. मध्यभागीच का, हे खाली पाहिल्यावर लगेच कळलं. भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा होता. इमारतीचं जोतं जमिनीपासून ४५ सेंटिमीटर वर आहे आणि वाफ्यातली माती ५५ सेंटिमीटर उंच. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा थर असतो. मातीचा ढीग त्याच्या डोक्यावरून भिंतीला टेकला, की त्या थराचा उपयोग संपतो. वाफ्याला रोज बोअरच्या जड पाण्याचा पाइप लावला जात होता, त्यामुळे पाण्याबरोबर क्षारही रोज भिंतीत जात होते.

लोणा रंगाचे पोपडे कसे काढतो हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण वॉटरप्रूफ रंगाचा मोह इथेच होतो. ओल भिंतीतून बाहेर येते आणि पृष्ठभागावर वाळते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. भिंत उघडी असेल तर क्षाराचे कण बाहेरच्या अंगाला साचतात आणि ब्रशने झाडता येतात. तिच्यावर ॲक्रिलिक रंगाचा अखंड पापुद्रा असेल तर क्षार पापुद्र्याच्या मागे गोठतात, फुगतात आणि त्याला आतून ढकलून सोडवतात. जास्त घट्ट, जास्त जलरोधक रंग मारला तर ओलीला तिथून बाहेर पडता येत नाही आणि ती आणखी वर चढते. तळाचा दोन फुटांचा डाग साडेतीन फुटांवर जातो. या भिंतीवर तसं झालं असतं तर रोव्हरची चाकंही गेली असती.

ओल नजरेला दिसते त्याच्याही वर असते. ती शोधायला ४५ सेंटिमीटरच्या चौकोनी पॉलिथिनचे तीन तुकडे ३०, ८० आणि १५० सेंटिमीटर उंचीवर चारही कडांनी टेप लावून चिकटवले आणि चोवीस तास ठेवले. खालच्या तुकड्याच्या आत थेंब जमले, मधल्यावर पुसट धुकं आलं, वरचा कोरडा राहिला. त्यावरून खरवडण्याची रेषा ९५ सेंटिमीटरवर ठरली. दिसणाऱ्या ओलीच्या वर एक फूट जागा सोडणं हा जुन्या मिस्त्रींचा नियम इथेही बरोबर ठरला.

आकाशाचा रंग उडण्याचा ओलीशी संबंध नव्हता. पुरावा पाइपाच्या मागे होता. जिथे पाइपाची सावली कायम राहते त्या चार बोटांच्या पट्टीत नारिंगी रंग मे महिन्यात होता तसाच ताजा होता. म्हणजे ऊन. पांढऱ्या इमल्शनमध्ये चकचकीत नारिंगी आणि लेमन पिवळे स्टेनर, म्हणजे छटा देणारे घट्ट रंग, भरपूर ओतून आकाश बनवलं होतं. अशा सेंद्रिय रंगद्रव्यांपैकी स्वस्त द्रव्यं उन्हात टिकत नाहीत. त्यात पांढरा मिसळून ती पातळ केली की आणखी लवकर उडतात, आणि पश्चिमेची भिंत तर दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंत तापते. शिवाय स्टेनरची डब्यावर लिहिलेली मर्यादा, साधारण तीन-चार टक्के, ओलांडली की इमल्शनचा पापुद्राच कच्चा राहतो. बोट फिरवलं की रंग बोटाला लागतो. इथे लागत होता.

रोव्हरवरच्या तडा पुट्टीच्या. अंग गुळगुळीत दिसावं म्हणून तेवढ्याच भागात तीन मिलिमीटर जाड पुट्टी ओढली होती, तीही मे महिन्याच्या उन्हात. बाहेरच्या चित्राला पुट्टी मुळातच लावू नये. ती पाणी धरते, आणि मंगळाच्या चित्राला तर खरबरीत गिलावा हवाच असतो. पाइपाचा ओघळ सांध्यातल्या गळतीचा होता. सांधा बदलला, क्लॅम्प घट्ट केले, विषय संपला.

चित्रात काय चुकलं होतं

भिंत बिघडली नसती तरी हे चित्र बदलावं लागलं असतं. शाळेच्या भिंतीवरचं चित्र मुलं वर्षानुवर्षं रोज पाहतात आणि त्यातली चूकही पाठ होते. रोव्हरच्या अंगावर तिरंगा होता आणि खाली ‘मंगलयान’ असं नाव. मंगलयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही रॉकेटने निघालं आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचलं. पहिल्याच प्रयत्नात मंगळाची कक्षा गाठणारा भारत हा पहिला देश, आणि हे मुलांना सांगावंच. पण ते यान कक्षेत फिरणारं होतं, त्याला चाकं नव्हती. भारताचा सहा चाकी रोव्हर प्रज्ञान, तो २०२३ मध्ये चंद्रावर चालला. चित्रातला रोव्हर दिसायला मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरलेल्या नासाच्या पर्सिव्हिअरन्ससारखा होता, पण पाठीवर सौर पंख होते. ते त्याला नाहीत. त्याची वीज मागच्या बाजूला तिरक्या बसवलेल्या जनित्रातून येते, जे प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालतं आणि सुरुवातीला सुमारे ११० वॉट देतं. चाकांवर ट्रॅक्टरच्या टायरसारखे बाण होते. नासाच्याच आधीच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या चाकांवर नागमोडी बाणांच्या २४ धारा आहेत. पर्सिव्हिअरन्सच्या चाकांवर हलक्या वळणाच्या ४८, त्यामुळे त्याच्या मागे मातीत उमटणाऱ्या रेघा दाट आणि जवळजवळ असतात.

सगळ्यात मोठी चूक आकाराची होती. तिरक्या कोनातल्या छायाचित्रावरून अंदाजाने मोठं केलेलं ते यान भिंतीवर साडेचार मीटर लांब झालं होतं आणि चाकं मुलांच्या कमरेएवढी. खरा पर्सिव्हिअरन्स सुमारे ३ मीटर लांब, २.७ मीटर रुंद आणि मास्तुलाच्या, म्हणजे कॅमेरे बसवलेल्या उभ्या खांबाच्या, टोकापर्यंत २.२ मीटर उंच आहे. वजन पृथ्वीवर १,०२५ किलो. चाकाचा व्यास ५२.५ सेंटिमीटर. हा आकार भिंतीवर जसाच्या तसा मावतो. ग्रहावर फिरणाऱ्या यानाच्या बाबतीत असा योग क्वचित येतो, आणि मावत असताना तो न साधणं म्हणजे भिंत वाया घालवणं. म्हणून पहिला निर्णय हाच झाला: रोव्हर एकास एक मापात, थेट बाजूने पाहिलेला.

बाजूचं दृश्य तिरक्या दृश्यापेक्षा ताठ दिसतं, हा आक्षेप खरा आहे. पण तिरक्या दृश्यात प्रत्येक माप आखूड होतं आणि मुलाला टेप लावून काहीच पडताळता येत नाही. ताठपणा घालवायला मास्तुलावरचं डोकं प्रेक्षकाकडे वळवलं. त्यामुळे सुपरकॅम या उपकरणाचा मोठा गोल डोळा आणि त्याखालचे मास्टकॅम-झेड या जोडकॅमेऱ्याचे दोन चौकोनी डोळे समोरून दिसतात.

आखणी

नासाने आपल्या रोव्हरची त्रिमितीय प्रारूपं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यातून बाजूचं सपाट दृश्य काढून ते ए-थ्री कागदावर १:१० मापात छापलं. तीन मीटरचा रोव्हर ३० सेंटिमीटरचा होतो, पुढे अर्धवट पसरलेल्या हाताला जागा उरते आणि कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे भिंतीवरचे दहा. चौकटी मोजण्याची भानगडच राहिली नाही. प्रोजेक्टरचा विचार झाला होता, पण मैदानात तो भिंतीच्या अगदी समोर आणि हव्या उंचीवर ठेवता येत नव्हता. थोडा जरी वाकडा बसला तरी वरचा भाग खालच्यापेक्षा रुंद येतो आणि एकास एक मापाचा अर्थ जातो.

चाकं टेकण्याची रेषा जमिनीपासून एक मीटरवर घेतली. खालच्या ९५ सेंटिमीटरच्या पट्ट्यात महत्त्वाचं काहीच येऊ द्यायचं नव्हतं. तिथे नुसती मंगळाची माती. क्षितिज १.४५ मीटरवर, आठवीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला. यामुळे रोव्हर खालून पाहिल्यासारखा उंच वाटतो. दोन्ही रेषा पाण्याच्या लेव्हल पाइपने खुणा करून, गेरूत भिजवलेलं सूत ताणून मारल्या. मास्तुलाची उभी रेषा ओळंब्याने घेतली. चाकांची वर्तुळं खिळा आणि दोरीने, त्रिज्या २६.२५ सेंटिमीटर. दोरी ताणली जाते, म्हणून तिथे पातळ तार वापरली. मास्तुलाचं डोकं आणि हाताच्या टोकाचा गुंतागुंतीचा भाग खऱ्या मापात कागदावर काढून, सुईने टोचून, गेरूच्या पुरचुंडीने थोपटून उतरवला.

पलीकडच्या तीन चाकांकडे बहुतेक पेंटर दुर्लक्ष करतात आणि ती अलीकडच्यांच्या मागे त्याच मापात दडपतात. मैदानातून भिंत साधारण आठ मीटरवरून पाहिली जाते आणि पलीकडची चाकं त्याहून पावणेतीन मीटर दूर. हिशेब केला तर ती तीन चतुर्थांश मापाची, म्हणजे ३९ सेंटिमीटर व्यासाची दिसायला हवीत आणि त्यांचा तळ अलीकडच्या चाकांपेक्षा सुमारे ११ सेंटिमीटर वर हवा. एवढं केल्यावर सपाट आकृती जमिनीवर बसली.

चाकांच्या दांड्यांबद्दलही खबरदारी लागते. पुढचं चाक एका मोठ्या दांडीला आणि मधलं व मागचं चाक दुसऱ्या लहान दांडीला जोडलेलं असतं. दोन्ही दांड्या सांध्यावर हलतात, म्हणून एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची जमिनीला टेकून राहतात. मधलं चाक १५ सेंटिमीटरच्या दगडावर चढलेलं दाखवलं, म्हणजे ही रचना कशासाठी हे चित्रातूनच कळतं.

हेलिकॉप्टरवर बरीच चर्चा झाली. जुन्या चित्रात पर्सिव्हिअरन्सबरोबर मंगळावर गेलेलं इंजेन्युइटी हे छोटं हेलिकॉप्टर रोव्हरच्या डोक्यावर, जवळजवळ त्याच्याएवढं होतं. प्रत्यक्षात ते १.८ किलोचं, एकमेकांच्या उलट फिरणाऱ्या पात्यांच्या दोन जोड्यांचं, टोकापासून टोकापर्यंत १.२ मीटरचं यंत्र. १९ एप्रिल २०२१ रोजी ते पहिल्यांदा तीन मीटर उंच उडालं तेव्हा रोव्हर त्याच्यापासून सुमारे ६५ मीटरवर थांबून पाहत होता. त्या अंतरावरचं हेलिकॉप्टर या भिंतीवर १३ सेंटिमीटर रुंद येतं, जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर. तेवढंच काढलं. लांबून ते पाखरासारखं दिसतं आणि मुलांना शोधावं लागतं, पण मंगळाच्या अत्यंत विरळ हवेत, जिची घनता पृथ्वीच्या हवेच्या जेमतेम एक-दीड टक्का आहे, पहिलं उड्डाण किती सावधपणे आणि किती दुरून केलं गेलं हे त्या लहानपणातूनच पोहोचतं. हाच क्षण चित्रासाठी पक्का केल्यावर बाकीचे प्रश्न आपोआप सुटले. उड्डाण मंगळावरच्या दुपारी झालं होतं, त्यामुळे निळा सूर्यास्त काढायची सूचना मागे पडली. मंगळावर सूर्याजवळचं आकाश मावळतीला निळसर होतं हे खरं, पण दुपारचं आकाश फिकट तपकिरी-पिवळसरच असतं. सावल्या आखूड आणि यानाच्या खालीच.

क्षितिजावर कोडियाक नावाचा बुटका सपाट माथ्याचा उंचवटा घेतला. नाशिकच्या पेंटरचा हात सपाट माथ्याच्या डोंगरावर बसलेला असतो, रामशेज आणि अंजनेरी रोज दिसतात. पहिल्या खाक्यात कोडियाकवर आडव्या पायऱ्या उमटल्याच. आपल्याकडच्या पायऱ्या लाव्हाच्या एकावर एक थरांच्या आहेत, म्हणून आडव्या. कोडियाक हा जेझेरो विवरातल्या प्राचीन सरोवरात नदीने आणून टाकलेल्या गाळाचा अवशेष. त्यात खाली आडवे, मध्ये तिरपे आणि वर पुन्हा आडवे थर दिसतात. ते मधले तिरपे थर हाच तिथे पाणी साठलं होतं याचा पुरावा आहे. ते चुकले तर डोंगर नुसता सजावटीचा उरतो. पुढच्या दगडांना मात्र आपला काळा पाषाण चालतो, कारण जेझेरोच्या तळाशी रोव्हरला अग्निजन्य खडक सापडले.

पावसाळी पाइप डाव्या कडेपासून १.२ मीटरवर आहे. तो लपवण्याऐवजी त्यालाच चौकट मानलं. त्याच्या डावीकडच्या उभ्या पट्टीत अंतराळ आणि मंगलयान. त्याचे सौर फलक तीन, प्रत्येकी १.८ गुणिले १.४ मीटर, सगळे एकाच बाजूला, आणि २.२ मीटरची तबकडी अँटेना. खऱ्या मापात ते मावणारच नव्हतं, म्हणून इथे १:५, पंख वरच्या दिशेला, आणि शेजारी ‘खऱ्याच्या पाचव्या हिश्श्यात’ अशी स्पष्ट ओळ. तिरंगा रोव्हरवरून निघाला आणि मंगलयानाच्या नावाशेजारी गेला, तोही दोन मीटरच्या वर, जिथे ओल किंवा चेंडू पोहोचत नाही. नासाचं बोधचिन्ह काढलं नाही. त्यांची छायाचित्रं शैक्षणिक कामाला बहुधा खुली असतात, बोधचिन्हाला मात्र परवानगीचे वेगळे नियम आहेत.

माती, गिलावा आणि थांबणं

दिवाळीनंतर लगेच वाफा काढला. झाडं कुंपणाकडे हलवली. भिंतीलगत ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल चर खणला, तळाला मैदानाकडे उतार दिला आणि तो काळ्या दगडाच्या डबराने भरला. आधी बारीक खडीचा विचार होता, पण शाळेत खडी उचलून फेकली जाते. १५ सेंटिमीटरचे दगड एकमेकांत घट्ट बसवले की हलत नाहीत. या पट्ट्याने तीन कामं होतात. जोत्याला हवा लागते, पावसाचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत आणि मुलं भिंतीला पाठ लावून उभी राहत नाहीत.

९५ सेंटिमीटरपर्यंतचा रंग आणि गिलावा विटेपर्यंत काढला, सांधे बोटाच्या पेराएवढे कोरले. लोणा कोरड्या वायर ब्रशने झाडला आणि आठवड्याने पुन्हा, असं तो येणं थांबेपर्यंत. पाण्याने धुवायचा नाही. धुतला की विरघळून परत विटेत जातो. डिसेंबरभर वीट उघडी राहिली. नाशिकची कोरडी थंडी या कामाला सोन्यासारखी आहे, तिचा वापर करून घ्यावा.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ प्रमाणात घेऊन १५ मिलिमीटरचा गिलावा केला. साडेआठ चौरस मीटरला सिमेंटची एक गोणी पुरून उरली, चुन्याची भुकटी १५ किलो आणि चाळलेली, धुतलेली वाळू सुमारे पाच घनफूट लागली. नुसत्या सिमेंटचा १:४ गिलावा जास्त मजबूत वाटतो, पण तो ओल कोंडतो. सात दिवस पाणी मारलं ते नळाचं, बोअरचं नाही. रोव्हरवरची पुट्टी पत्रीने पूर्ण काढली, खड्डे त्याच मिश्रणाने भरले. रंगाआधी त्या भरावांवर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकले. गडद गुलाबी रंग आला, की गिलावा अजून तीव्र अल्कधर्मी आहे आणि त्यावर ॲक्रिलिक भाजून निघेल. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात थेंब जवळजवळ बिनरंगी राहिले, तेव्हा प्रायमर उघडला.

रंग

मंगळ लाल दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडांमुळे. गेरू आणि पिवडी हीसुद्धा लोहाचीच ऑक्साइडं, आणि बाजारात मिळणाऱ्या रंगद्रव्यांत ऊन आणि चुना या दोन्हींना सगळ्यात चांगली टिकणारी. म्हणजे या विषयाला जो रंग खरा आहे, तोच सर्वांत टिकाऊ आणि स्वस्तही आहे. नव्या चित्रात आकाश आणि जमिनीसाठी फक्त येलो ऑक्साइड, रेड ऑक्साइड, अंबर (मातकट तपकिरी) आणि काळा वापरले. तयार नारिंगी अजिबात नाही.

पाइपाच्या उजवीकडचं आकाश साडेएकवीस चौरस मीटर. दोन हातांना चार लिटर एक्स्टिरिअर ॲक्रिलिक इमल्शन लागेल असा हिशेब होता. पाच लिटर एकाच वेळी बनवलं आणि एक लिटर डागडुजीसाठी सीलबंद ठेवलं, कारण हाताने बनवलेली छटा दुसऱ्यांदा जुळत नाही. सुरुवात लिटरला २० मिली येलो ऑक्साइड, ५ मिली रेड ऑक्साइड आणि काळ्याचे काही थेंब अशी. फूटभर चौकोन मारून दुसऱ्या दिवशी पाहायचा, कारण इमल्शन वाळल्यावर गडद होतं. गडद माती आणि दगडांसाठी पांढऱ्यात स्टेनर न ओतता दुकानातून डीप बेसवर, म्हणजे गडद छटांसाठीच्या मूळ रंगावर, यंत्राने बनवलेला रंग घेतला. अंतराळाच्या पट्टीला शुद्ध काळा टाळला, कारण पश्चिमेच्या उन्हात तो फार तापतो आणि धुळीचा प्रत्येक ओघळ दाखवतो. काळ्यात थोडा निळा आणि अंबर मिसळलेला करडा-निळा घेतला.

रोव्हरच्या पांढऱ्यात किंचित आकाशाचा रंग मिसळला. खालच्या पृष्ठभागांवर गेरूची झाक दिली, कारण लाल जमिनीवरून परतणारा प्रकाश तिथे पोहोचतो. ही एक छटा विसरली तर यान मंगळावर उभं वाटत नाही, चिकटवल्यासारखं दिसतं. उजेड वरून आणि किंचित उजवीकडून ठेवला. भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की दक्षिण उजव्या हाताला येते आणि हिवाळ्यात दुपारचं खरं ऊनही त्याच बाजूने पडतं.

फेब्रुवारीत नाशिकची सकाळ थंड असते आणि भिंतीवर दव असतं. दहा अंशांच्या आसपास ॲक्रिलिकचा पापुद्रा नीट जुळत नाही. दुपारी एकनंतर भिंत तापते आणि ब्रशचे फटके दिसतात. त्यामुळे रंगकामाची वेळ सकाळी दहा ते एक एवढीच. परांचीवर मोठी माणसं. आठवी-नववीच्या मुलांकडे मोजणी, दोरी मारणं आणि डाव्या कडेला दहा-दहा सेंटिमीटरच्या काळ्या-पांढऱ्या ठोकळ्यांची मापपट्टी. ती चाकांच्या रेषेपासून सुरू होते, म्हणून कुणीही समोर उभं राहून मास्तूल २.२ मीटर आहे का ते ताडून पाहू शकतं.

तळाचा पट्टा शेवटी, आणि वेगळ्या पद्धतीने. इथे ॲक्रिलिक नाही, रंगीत चुना. पाच किलो भिजवलेला, गाळलेला चुना, २५० ग्रॅम गेरूची भुकटी, २०० ग्रॅम पिवडी, थोडं डिंकाचं पाणी. रंगद्रव्य चुन्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावं, नाहीतर ते सुटतं. या प्रमाणात गडद लाल येत नाही, फिकट धुळकट गुलाबी येतो, आणि जवळच्या मंगळ-धुळीला तोच शोभतो. भिंत आधी ओली करून दुधासारखे पातळ चार हात, दोन हातांमध्ये एक दिवस. टिकाऊपणासाठी यात प्लास्टिक बाइंडर घालण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो मानू नये. ओल बाहेर पडायची वाट पुन्हा बंद होते. चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, म्हणून या कामात मुलं नाहीत, आणि मारणाऱ्याला चष्मा व हातमोजे. ॲक्रिलिकची खालची कड सरळ न ठेवता कोरड्या ब्रशने उंच-सखल तोडली, नाहीतर दोन रंगांमधली आडवी रेघ लांबूनही दिसते.

पावसाळ्यानंतर

पुढच्या ऑक्टोबरमध्ये तपासणी झाली तेव्हा आकाशाचा रंग पाइपामागच्या पट्टीशी ताडून पाहिला, फरक दिसला नाही. पॉलिथिनचा तुकडा ८० सेंटिमीटरवर कोरडा निघाला. ३० सेंटिमीटरवर अजून धुकं येतं. भिंतीत आधी मुरलेले क्षार संपायला काही वर्षं लागतील. चुन्याच्या पट्ट्यावर उजव्या टोकाला हातभर जागेत लोणा उमटला होता, तो झाडून दोन हात चुना दिला, अर्ध्या दिवसाचं काम. अशी डागडुजी दर वर्षी पाऊस उघडल्यावर लागणार हे धरूनच हा पट्टा केला आहे. मधल्या चाकावर चेंडूच्या खुणा पडल्या, त्या ओल्या फडक्याने निघाल्या. गोलपोस्ट भिंतीसमोरून हलवला.

शिल्लक रंगाचे डबे जिन्याखाली उलटे ठेवले आहेत, प्रत्येकावर छटेचा नमुना, प्रमाण आणि तारीख लिहून. नव्या माळीकाकांना एकच सूचना आहे: दगडांच्या पट्ट्यावर माती टाकायची नाही आणि कुंड्याही ठेवायच्या नाहीत.